होडीवरचे दिवे आणि एक लहानसा फ्यूज

१ जून ते ३१ जुलै या काळात गोव्याच्या समुद्रात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मांडवी, झुआरी, शापोरा, साळ या नद्यांच्या काठी होड्या वर ओढून ठेवलेल्या दिसतात. नारळी पौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हा पाण्यात लोटण्यापूर्वी तळाची डागडुजी होते, यंत्र तपासले जाते. दिव्यांच्या तारांकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

जुन्या बल्बांच्या जागी आता एलईडी दिवे येत आहेत, आणि त्यांचा लाभ उघड आहे. २५ वॅटचे तीन जुने दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वासहा अँपिअर प्रवाह ओढतात. दहा तासांच्या रात्रीत ६० अँपिअर-तासांची बॅटरी पार रिती होते. ५ वॅटच्या तीन एलईडी दिव्यांना सव्वा अँपिअर पुरतो. रात्रभराचा खर्च अवघा साडेबारा अँपिअर-तास.

परंतु दिवा लहान म्हणून धोकाही लहान, ही समजूत घातक होय. वेष्टण घासून दोन तारा एकमेकींस भिडल्या, तर किती प्रवाह वाहावा हे दिवा ठरवीत नाही, बॅटरी ठरविते. क्षणात शेकडो अँपिअर वाहू शकतात, तार तापून लाल होते, आणि पेट्रोलची टाकी तर हाताच्या अंतरावर! घराला आग लागली तर अंगणात धावता येते. समुद्रात धावायचे कोठे?

यावर उपाय स्वस्त आहे. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज बसवावा. वरील तीन दिव्यांना ३ अँपिअरचा पुरे. फ्यूज दिव्यासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो. म्हणून तो दिव्याजवळ लावण्यात अर्थ नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी साधी तार गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठविणे.

तार अनेक पदरी, कल्हई केलेल्या तांब्याची घ्यावी. उघडे तांबे खाऱ्या हवेत हिरवे पडते. आठ मीटर अंतरासाठी दीड चौरस मिलिमीटर जाडी पुरेशी आहे. जोड पिळून चिकटपट्टीने गुंडाळू नयेत. दाबून बसवावेत, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. तारा तळातील पाण्यापासून उंच ठेवाव्यात. बॅटरी बांधून, हवेशीर जागी ठेवावी, कारण भारित होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. यंत्र चालू असता दाब १४ व्होल्टच्या वर जातो. म्हणून १० ते ३० व्होल्ट सोसणारेच दिवे घ्यावेत.

दिव्यांच्या रंगांनाही नियम आहेत. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १२ मीटरहून लहान यांत्रिक होडीला डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा व वर चोहीकडून दिसणारा पांढरा दिवा चालतो. यांवरूनच समोरच्या जहाजाला आपली दिशा कळते. मासे आकर्षिण्यासाठी प्रखर एलईडी लावणे ही गोष्ट मात्र निराळी. केंद्र सरकारने २०१७ साली त्यावर बंदी घातली आहे.

मार्ग दाखविणारा दिवा रात्रभर तेवला पाहिजे. काठावर कुणीतरी त्याचीच वाट पाहत असते.