"बीपी-शुगर काही?"

दाढ काढायला आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला जातो आणि गालावरचा हात न काढताच तो म्हणतो, "नाही." या 'नाही'चा अर्थ पुष्कळदा 'कधी मोजलंच नाही' एवढाच असतो. दाताच्या डॉक्टरांनी प्रश्न विचारण्यापासून दंडाला पट्टा बांधण्यापर्यंत यायला फार वर्षं लावली, असं मला वाटतं.

साधन तर केव्हाचंच होतं. १८९६ मध्ये इटलीत रिवा-रोची यांनी पट्ट्याचं यंत्र आणलं. १९०५ मध्ये रशियात कोरोत्कोव यांनी स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारे ठोके सांगितले. दातांच्या दवाखान्यात मात्र रक्तदाबाचा विचार शिरला तो भीतीपोटी. भुलीच्या इंजेक्शनात बहुधा ॲड्रिनलिन असतं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, भूल टिकते. हृदयाच्या रुग्णाला ते सोसेल का? १९६४ मध्ये अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या आणि हृदयरोगाच्या संघटनांनी मिळून निर्वाळा दिला: नेहमीच्या प्रमाणात, सुई रक्तवाहिनीत नाही हे पाहून, जपून दिलं तर चालतं. उलट भूल नीट चढली नाही, तर दुखण्याने शरीर स्वतःच ॲड्रिनलिन सोडतं.

तोवर काळजी होती ती खुर्चीवरच्या अर्ध्या तासाची. पुढे १९६७ आणि १९७० मध्ये एडवर्ड फ्रीस यांच्या अभ्यासांनी दाखवलं, की गोळ्यांनी दाब उतरवला तर पक्षाघातासारखे घाले टळतात. १९७२ मध्ये अमेरिकेने रक्तदाबाची राष्ट्रीय मोहीम उघडली. आता मोजण्याला खरा अर्थ आला, कारण उच्च रक्तदाब दुखत नाही, दाढ दुखते. वर्षानुवर्षं डॉक्टरची पायरी न चढलेला माणूस दाढेपायी येतो, आणि तेवढ्यात त्याचा वाढलेला दाब सापडू शकतो.

आपल्याकडे २०१७ पासून रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, पहिल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. पण त्याचा भर सरकारी आरोग्य केंद्रांवर. गल्लीतला दातांचा दवाखाना त्या साखळीबाहेरच राहिला, याची मला खंत आहे.

काम मोठं नाही. खुर्ची सरळ करायची, पाय जमिनीला टेकवायचे, पाच मिनिटं शांत बसू द्यायचं, मग मोजायचं; जास्त आला तर थोड्या वेळाने पुन्हा. कळ आणि धास्ती यांनीही आकडा चढतो, म्हणून निदान तिथे करायचं नाही. १८०/११० किंवा वर असेल तर घाई नसलेलं काम पुढे ढकलायचं. आणि आकडा चिठ्ठीवर लिहून रुग्णाला फिजिशियनकडे धाडायचं, दाढ निघाली तरीही.