दोन कोटींचा सोहळा

2023 च्या नोव्हेंबरात कझाकस्तानची लोकसंख्या दोन कोटींवर पोचली आणि तिथल्या सरकारने त्याचा गाजावाजा केला. नव्वदच्या दशकात धंद्यानिमित्त अल्माटीत राहिलेल्या माझ्यासारख्याला तो खुपला.

कारण या दोन कोटींमागचा इतिहास वेगळाच आहे. झारच्या काळात रशियन शेतकरी आले. पुढे स्टालिनने कझाक पशुपालकांचे कळप हिसकावले, 1931-33 च्या दुष्काळात सुमारे पंधरा लाख माणसं मेली, बहुतेक कझाकच. मग मालगाड्या भरभरून 1937 मध्ये कोरियन, 1941 मध्ये व्होल्गाकाठचे जर्मन, 1944 मध्ये चेचेन आणून टाकले. ख्रुश्चेव्हने पडीक जमिनी नांगरायला आणखी लोक धाडले. 1959 मध्ये कझाक आपल्याच मुलखात जेमतेम तीस टक्के उरले.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर नव्वदच्या दशकात हे सगळं उलटं फिरलं, लोक देश सोडू लागले. हिवाळ्यात रेडिएटर गार, वीज केव्हा जाईल त्याचा नेम नाही, पगार महिनोन्महिने थकलेले. 1993 मध्ये टेंगे हे नवं चलन आलं, पण महागाई हटेना. फूटपाथवर कपबशा, पुस्तकं, मुलांचे बूट मांडून विकणारी माणसं बव्हंशी निघण्याच्या तयारीत असत. जर्मन वंशाच्या लोकांना जर्मनी घेत होती. 1989 मध्ये साडेनऊ लाख असलेले जर्मन दहा वर्षांत साडेतीन लाखांवर आले. त्याच काळात देशाची लोकसंख्या बारा लाखांहून अधिक घटली. शिक्षक गेले, इंजिनिअर गेले. बाहेरचे पंडित याला वंशद्वेष म्हणून मोकळे झाले. तोही होता, पण माझ्या ओळखीतल्या माणसांना थंडी आणि रिकाम्या खिशानेच आधी हुसकावलं. रशियन लेखक सोल्झेनित्सिनने तर 1990 मध्येच देशाचा उत्तर भाग रशियाचा ठरवून टाकला होता. एवढ्या मोठ्या लेखकाला दुष्काळात मेलेल्यांची गणती दिसू नये?

2021 च्या जनगणनेत कझाक सत्तर टक्के झाले. दुष्काळाने हिरावलेलं बहुमत परत आलं, त्याबद्दल कुणी कुरकुर करू नये. मी तरी करणार नाही. राग आहे तो 1995 मध्ये सुरू झालेल्या, सगळ्या वंशांच्या एकोप्यासाठी म्हणवणाऱ्या सरकारी 'जनता परिषदे'च्या देखाव्याचा: पारंपरिक पोशाख, नाच, भाषणं. फेब्रुवारी 2020 मध्ये कोरदाई भागातल्या वांशिक दंगलीत दुंगान या अल्पसंख्य मुसलमानांची घरं जळली, अकरा जण मेले, तेव्हा ती परिषद काय कामाची ठरली? दोन कोटी मोजणाऱ्या सरकारने याचं उत्तर आधी द्यावं.