पेरणीची मुदत

न्यायालयात अपील दाखल करण्यास उशीर झाला, तर सबळ कारण दाखवून विलंबाची माफी मागण्याची सोय १९६३ च्या मुदतीच्या कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. निसर्गाच्या न्यायासनापुढे असे कलम नाही. तेथे गव्हाच्या पेरणीची मुदत टळली की दंड ठरलेला. आणि चूक कोणाचीही असो, तो भरावयाचा एकट्या शेतकऱ्याने.

हा दंड किती? महाराष्ट्रात बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा, त्यापुढील प्रत्येक पंधरवड्यास हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पन्न घटते, असे आमचे कृषितज्ज्ञ वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. फुटवे येताना गव्हास थंडी हवी आणि दाणा भरताना ऊन बेताचे हवे. आमच्याकडे थंडीचा मुक्काम मुळातच थोडा. उशिरा पेरलेले पीक मार्चच्या उन्हात सापडते व दाणा पोसण्यापूर्वीच वाळते. २०२२ चा मार्च १९०१ पासूनच्या नोंदींत देशात सर्वांत उष्ण ठरला. उत्तर हिंदुस्थानात गव्हाचा दाणा आक्रसला, भाव चढले, आणि १३ मे रोजी सरकारने निर्यात बंद केली.

दुसरी गोष्ट बेवडाची. इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथे लॉज व गिल्बर्ट यांनी १८४३ साली ब्रॉडबाल्क नामक शेतात हिवाळी गव्हाचा प्रयोग आरंभिला. तो अद्याप चालू आहे. तो गहू शरदात पेरून पुढील उन्हाळ्यात कापतात. आमचा कार्तिकात पेरून फाल्गुन-चैत्रात निघतो. हंगाम निराळे, परंतु धडा एकच. १९६८ पासून त्या शेताच्या काही भागात पिकांची फेरपालट सुरू झाली, तेव्हा इतर पिकांमागून घेतलेला पहिला गहू गव्हावर गहू घेतलेल्या पट्ट्यांहून सरस आला. कारण गव्हाची मुळे कुजविणाऱ्या बुरशीस मध्यंतरी आश्रयच मिळाला नाही.

आमच्या शेतकऱ्यास बेवडाचे महत्त्व इंग्रजांनी शिकवावे लागले नाही. तथापि बेवड आणि मुदत या दोन बाबी वस्तुतः एकच आहेत, हे पुष्कळदा विसरले जाते. लवकर येणारे सोयाबीन ऑक्टोबरात शेत मोकळे करते, शिवाय त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधतात. उलट कपाशीची वेचणी लांबली की गव्हाची मुदत तेथेच बुडते. म्हणजे गव्हाच्या उत्पन्नाचा निकाल कार्तिकात नव्हे, तर आषाढात खरिपाचे बियाणे निवडतानाच अर्धा लागलेला असतो. उशीर अटळच असेल, तर निफाडच्या एन.आय.ए.डब्ल्यू. ३४ सारखा वाण घ्यावा, हेक्टरी १०० ऐवजी १२५ किलो बी वापरावे आणि ओळींतील अंतर साडेबावीसवरून अठरा सेंटिमीटरांवर आणावे. नुकसान काहीसे आटोक्यात येते, भरून मात्र निघत नाही.

शेतकरी आळशी, म्हणून पेरणी लांबते, असे म्हणणाऱ्या शहाण्यांस आमचा एकच सवाल आहे. कालव्याचे पहिले आवर्तन केव्हा सुटणार हे ज्यास ठाऊक नाही आणि पीककर्जासाठी जो खेपा घालीत आहे, त्याने कोणत्या ओलीवर व कोणत्या पैशाने पेरावे? पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले, तर वेळेवर पेरूनही हाती काय राहणार?

सबब आमचे मागणे स्पष्ट आहे. रब्बीच्या आवर्तनाच्या तारखा खरिपाच्या पेरणीपूर्वी नाही, तरी निदान काढणीपूर्वी गावोगाव जाहीर व्हाव्यात, आणि कर्ज ऑक्टोबरात हाती पडावे. शेतकऱ्यानेही गव्हाच्या मुदतीपासून मागे दिवस मोजून खरिपाचा वाण ठरवावा. स्वतःच्या विलंबास जे दफ्तर सदैव माफी घेते, त्याने दुसऱ्याच्या शेताचा दंड वाढविण्याचा अधिकार कोठून मिळविला, हे विचारण्याची वेळ आता आली आहे.