एका अंगणात बॉयलर आणि गावठी

मालवणच्या बाजारात चिकनच्या दुकानासमोर जाळीत पांढऱ्या बॉयलर कोंबड्या असतात ना? बहुतेक बसलेल्याच असतात. आणि घराच्या मागे गायरीवर आजीची तांबडी गावठी कोंबडी पायांनी नुसती माती उडवत असते. तिला क्षणभर बस म्हटलं तरी बसणार नाही.

आता समजा, बाजारातून बॉयलरची चार पिल्लं आणली आणि गावठीबरोबर एकाच अंगणात सोडली. पुढे काय होईल?

सुरुवात अगदी गोड होते. एका दिवसाचं पिल्लू, मग ते बॉयलर असो की गावठी, जेमतेम तीस-चाळीस ग्रॅमचं. आजीची कोंबडी खुडूक बसलेली असेल आणि रात्रीच्या काळोखात ही पिल्लं हळूच तिच्या पोटाखाली सरकवली, तर पुष्कळदा ती त्यांना आपलीच समजते. सकाळी गावठी आणि बॉयलर अशी सगळी फौज तिच्या मागून अंगणभर!

मग शर्यत सुरू होते. सहा आठवड्यांनी गावठी पिल्लू अजून पाव किलोच्या आसपास असतं, आणि पोटभर बॉयलरचं खाद्य मिळालेलं पिल्लू दोन किलोच्या घरात पोचतं. आई स्वतः सव्वा किलोची! तिच्या पंखाखाली हे बाळ मावणार कसं?

“इंजेक्शन देऊन फुगवतात,” असं कोणी ना कोणी सांगतंच. ते खरं नाही. ही करामत निवडीची आहे. ज्या कोंबड्या लवकर वाढतात त्यांचीच पिल्लं ठेवायची, त्यांतली सर्वांत लवकर वाढणारी पुन्हा निवडायची, असं पिढ्यान् पिढ्या. 1948 मध्ये अमेरिकेत तर ‘उद्याची कोंबडी’ नावाच्या स्पर्धेची अंतिम फेरी झाली होती, सर्वांत मांसल कोंबडी कोणाची हे ठरवायला.

कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाने जुन्या वाणांच्या कोंबड्या मुद्दाम जशाच्या तशा जपून ठेवल्या होत्या. शास्त्रज्ञांनी 1957, 1978 आणि 2005 सालचे वाण एकत्र वाढवले. खाद्यही सर्वांना एकच दिलं. 56 दिवसांनी वजनं केली. 1957ची कोंबडी साधारण 900 ग्रॅम, 1978ची 1.8 किलो आणि 2005ची 4.2 किलो! खाणं तेच होतं, बदलली होती ती कोंबडी.

पण या घाईची किंमत बॉयलरला मोजावी लागते. छातीचं मांस भराभर वाढतं, पाय आणि हृदय मात्र मागे पडतात. म्हणून तो खाद्याच्या भांड्याशीच बसून राहतो. कोणी तरी विचारतंच, “हो उठणा कित्याक नाय?” उन्हाळ्यात तर बिचाऱ्याचे हाल. कोंबड्यांना घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायच्या, म्हणजे ओलावा उडून अंग थंड होतं. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो ओलावा सहज उडत नाही आणि बॉयलरचं जाड अंग तापतच राहतं. गावठी मात्र फणसाच्या सावलीत धूळ खणून मजेत लोळते.

घार आली की खरी गंमत कळते. कोंबड्यांचे धोक्याचे आवाज दोन प्रकारचे असतात, एक आकाशातल्या शत्रूसाठी आणि एक जमिनीवरच्या, म्हणजे मुंगूस किंवा कुत्र्यासाठी. शास्त्रज्ञांनी कोंबड्याच्या डोक्याच्या वर टीव्ही लावून त्यावर ससाण्याचं चित्र फिरवलं, तर त्याने बरोबर आकाशातल्या शत्रूची हाक दिली! ती ऐकली की गावठी पिल्लं झुडपात गडप. बॉयलर बाळ वजन सांभाळत निघतं, तोवर उशीर झालेला असतो.

बॉयलर आणि गावठीला जेवायलाही वेगळं बसवावं लागतं. बॉयलरच्या खाद्यात प्रथिनं जास्त असतात, तर अंडी देणारीला कवचासाठी कॅल्शियम लागतं आणि ते जास्तीचं कॅल्शियम पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. मानमोडीची लस मात्र दोघांनाही हवी.

आणि भांडणं? नॉर्वेमध्ये थोर्लाइफ शेल्डरुप-एब्बे नावाचा मुलगा लहानपणापासून कोंबड्यांपाशी बसून कोण कोणाला टोचतं ते वहीत लिहायचा. त्यातूनच पुढे 1920च्या दशकात त्याने जगाला सांगितलं, की कोंबड्यांत पायऱ्या ठरलेल्या असतात. वरची खालचीला टोचते, खालची उलटून टोचत नाही. आकाराने मोठा असला तरी सुस्त बॉयलर या पायऱ्यांवर पुष्कळदा खालीच राहतो. तुमच्या अंगणात नोंदून बघा.

हा पांढरा पाहुणा परका वाटतो खरा, पण त्याचं नातं आपल्याकडेच निघतं. 19व्या शतकात इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये भारतातून नेलेल्या असील या झुंजीच्या कोंबड्यांपासून एक मांसल जात तयार झाली, आणि बॉयलरमध्ये तिचं रक्त आहे. त्याहून भारी गोष्ट त्याच्या पिवळ्या पायांची. जगभरातल्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज लाल रानकोंबडा. पण 2008 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की पिवळ्या कातडीचा गुण त्याच्याकडून नव्हे, राखी रानकोंबड्याकडून आला. हा राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या आंबोलीच्या जंगलात पहाटे आरवतो तोच!

गुण वारशाने आला, तरी हा पिवळा रंग मका आणि हिरव्या पाल्यातून येतो. कोंबडी अंडी देऊ लागली की तो रंग बलकात जायला लागतो आणि तिचे पाय फिके पडत जातात. अंडी थांबली की पुन्हा पिवळे होतात. तेव्हा पाय बघून सांगता येतं, कोण बरेच दिवस अंडी देतेय आणि कोण नुसतीच फिरतेय. तुमच्या कोंबडीचे पाय काळे असतील तर मात्र हा हिशोब जमायचा नाही. मग आजीलाच विचारा. कोणती कोंबडी कुठल्या कोपऱ्यात लपून अंडं घालते, ते तिला नक्की माहीत असतं.