हॅचेट घ्यावं की छोटी कुऱ्हाड? कॅम्पिंगला निघण्याआधी एवढं समजून घ्या

एरवी मी इथे फोन, बॅटरी, प्रोसेसर याबद्दल लिहितो. आज चक्क कुऱ्हाडीबद्दल लिहितोय. आपल्या छत्रपती संभाजीनगरात पाऊस उघडला की ग्रुपवर प्लॅन सुरू होतात. म्हैसमाळ, सुलीभंजन, कन्नडकडचे डोंगर, नाहीतर कुणाच्या तरी शेतात तंबू. मग कुणीतरी रील बघून ऑनलाइन हॅचेट मागवतो. आमच्या ग्रुपमधला तो 'कुणीतरी' मीच होतो. त्याची खूण माझ्या डाव्या नडगीवर आहे, सात टाक्यांची.

आधी दोन्हींतला फरक बघू. हॅचेट म्हणजे एका हाताने चालवायची आखूड कुऱ्हाड. छोटी कुऱ्हाड, जिला परदेशी कंपन्या 'स्मॉल फॉरेस्ट ॲक्स' म्हणतात, ती गरजेप्रमाणे एका किंवा दोन्ही हातांनी चालते. स्वीडनच्या ग्रान्सफोर्स ब्रुक या जुन्या कंपनीची दोन मॉडेल्स समोरासमोर ठेवली तर फरक कळतो. त्यांचं वाइल्डलाइफ हॅचेट साधारण ३५ सेंटिमीटर लांब आहे आणि स्मॉल फॉरेस्ट ॲक्स साधारण ५० सेंटिमीटर. सोपं माप हवं असेल तर तुमचा फोन घ्या. हल्लीचा फोन साधारण १६ सेंटिमीटर लांब आणि २०० ग्रॅमच्या आसपास असतो. दोन फोन एकापुढे एक ठेवले की हॅचेटची लांबी, तीन ठेवले की छोट्या कुऱ्हाडीची. पात्याचं वजन हॅचेटला दोन-तीन फोनांइतकं, छोट्या कुऱ्हाडीला साडेतीन-चार फोनांइतकं.

फक्त एका फोनाची लांबी जास्त, मग एवढा काय फरक पडणार, असं मलाही वाटलं होतं.

नडगीचं गणित

डिसेंबर होता. फुलंब्रीकडच्या एका मित्राच्या शेतात आम्ही पाच जण. शेकोटीला बाभळीचा वाळलेला ओंडका होता आणि माझ्या हातात नवंकोरं हॅचेट. मी उभा राहून, कमरेत वाकून, एका हाताने घाव घालत होतो. चौथा की पाचवा घाव गाठीवर पडला. पातं लाकडात न शिरता सटकलं आणि तसंच फिरत माझ्या पायावर आलं. जीन्स फाटली, मग पांढरं काहीतरी दिसलं, मग रक्त. मित्राच्या वडिलांनी धावत येऊन डोक्याचा गमछा सोडला, जखमेवर घट्ट दाबून धरला आणि पाय वर करून मला गाडीत आडवं केलं. कुणीतरी हळद आणायला पळत होतं, त्याला त्यांनी थांबवलं. ते बरोबरच होतं. खोल जखमेवर हळद, चहा पावडर, माती काही टाकायचं नाही. स्वच्छ कापडाने दाबायचं, दाब न सोडता दवाखाना गाठायचा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं.

नंतर काका एवढंच म्हणाले, "आखूड दांड्याची कुऱ्हाड उभ्यानं चालवत असतेत का रे बाबा?"

या वाक्यात सगळी भूमिती आहे. घाव घालताना पातं वर्तुळाच्या कंसात फिरतं. कंसाची त्रिज्या म्हणजे तुमचा हात अधिक दांडा. दांडा लांब असेल, मोठ्या कुऱ्हाडीसारखा ८०-९० सेंटिमीटरचा, तर नेम चुकल्यावर पातं पायापर्यंत यायच्या आधी समोरच्या जमिनीत रुततं. दांडा आखूड असेल तर कंस जमिनीला टेकतच नाही, वळून सरळ गुडघ्याकडे नाहीतर नडगीकडे येतो. म्हणजे दिसायला किरकोळ असलेलं हत्यार उभ्याने वापरताना मोठ्यापेक्षा जास्त धोक्याचं. 'आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणे' हा वाक्प्रचार शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरता आहे असं मी समजत होतो.

छोटी कुऱ्हाड या दोन्हींच्या मधली. तिच्याने धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून दोन्हींसाठी नियम एकच: गुडघ्यावर बसा, फोडायचं लाकूड दुसऱ्या जाड ओंडक्यावर ठेवा, आणि तेही त्या ओंडक्याच्या पलीकडच्या अर्ध्यावर. घाव चुकला तर ओंडक्यात जाईल किंवा जमिनीत. ढलप्या काढायच्या असतील तर लाकूड हाताने उभं धरून वरून मारू नका. पात्याची धार लाकडावर टेकवा, दोन्ही एकत्र उचला आणि एकत्रच ओंडक्यावर आपटा. बोटं वाचतात.

स्लो-मोशनमध्ये काय दिसलं

टाके काढल्यावर मी फोनवाल्या माणसाने करावं तेच केलं. काकांकडची छोटी कुऱ्हाड आणि माझं हॅचेट, दोन्हींचे घाव स्लो-मोशनमध्ये शूट केले. या वेळी गुडघ्यावर बसून. फोन २४० फ्रेम्सवर लावला, म्हणजे सेकंदाचे २४० फोटो. (काही स्वस्त फोनवर २४० लिहिलेलं असतं, पण मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर अंदाजाने बनवतं. असला फोन या कामाला चालणार नाही.) मग लाकडाला लागण्याआधीच्या शेवटच्या पाच फ्रेममध्ये पातं किती सरकलं ते मोजलं. हॅचेटचं साधारण एक वीत, कुऱ्हाडीचं जवळपास दीड वीत.

दीडपट वेग. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे दहावीला पाठ केलेलं असतं. म्हणजे पातं तितक्याच वजनाचं असतं तरी ऊर्जा सव्वादोनपट झाली असती. इथे तर कुऱ्हाडीचं पातंही जड होतं. माझं मोजमाप घरगुती आहे, त्यावरून कुणी पेपर लिहू नये, पण कारण पक्कं आहे: दांडा लांब की टोकाचा वेग जास्त, आणि दोन हात लागले की जोरही जास्त. हॅचेटने हीच कमी भरून काढायची तर घाव दुप्पट घालायचे. हात दमतो, पकड ढिली होते, नेम चुकतो. माझा चुकला होता तसाच.

आपलं लाकूड वेगळं आहे

यूट्यूबवर हॅचेटने लाकूड लोण्यासारखं फाटताना दिसतं ते बहुतेक वेळा पाइन, स्प्रूस किंवा बर्च असतं. थंड देशांतली, त्या मानाने मऊ लाकडं. त्यासाठी पातळ, तिरप्या धारेचं पातं छान. आपल्याकडे शेकोटीला काय मिळतं? बाभूळ, कडुनिंब, क्वचित सागाचे तुकडे. वाळलेल्या बाभळीवर पातळ धारेला खांडं पडतात आणि हलकं पातं उसळतं. इथे धार थोडी जाड, पोटाला फुगीर अशी लागते. गावातल्या कुऱ्हाडी बघा, त्या नेमक्या तशाच असतात.

आता तुम्ही विचाराल की ओंडके फोडायचेच कशाला? बरोबर विचारलंत. आपल्या भागात शेतावर कॅम्प असेल तर पऱ्हाट्या आणि तुराट्या असतात, म्हणजे कापसाची आणि तुरीची वाळलेली झाडं. गुडघ्यावर मोडतात, भसाभस पेटतात. त्यावर मनगटाएवढी चार लाकडं टाकली की पाच जणांचा चहा आणि खिचडी होते. मनगटाएवढ्या फांदीला कोयताही पुरतो. माझं स्पष्ट मत: वर्षातून दोनदा कॅम्पला जाणाऱ्याला हॅचेट लागत नाही. ते बॅगेत असलं की काहीतरी फोडावंसं वाटतं, बस.

काही ठिकाणी दोन्ही चालत नाहीत

कन्नडजवळचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. पितळखोऱ्याची लेणीही त्याच डोंगरांत आहेत. तिकडे जाताना कुऱ्हाड सोबत नेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३१: लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरता येत नाही. कायद्यातली 'हत्यार' ही व्याख्या फार रुंद आहे, त्यात चाकूसुद्धा येतो. कलम ३० प्रमाणे तिथे आग लावता येत नाही. आणि 'पडलेलं वाळकं लाकूडच तर उचललं' हेही चालत नाही, कारण परवानगीशिवाय तिथून वनोपज काढायलाच कलम २९ ने बंदी आहे. अशा ठिकाणी गॅसचीही आधी चौकशी करा, जेवण डब्यात न्या.

शहरातून नेताना वेगळी भानगड. शस्त्र कायदा १९५९ खालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार शस्त्रं येतात. कुऱ्हाडीचं पातं दोन इंचांपेक्षा रुंद असणारच! पण घरगुती, शेती किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणून साधी लाकडी दांड्याची कुऱ्हाड घेतलेली बरी. 'टॅक्टिकल टोमाहॉक' नावाचं काळं, अणकुचीदार प्रकरण कॅम्पिंगचं अवजार आहे हे चौकीत पटवून देणं अवघड जाईल. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात वेळोवेळी मनाई आदेश निघतात, त्या काळात असली वस्तू सोबत बाळगणंही अंगाशी येऊ शकतं. सणासुदीला, निवडणुकीला आधी बातम्या बघा. पातं झाकून, गुंडाळून सामानाच्या तळाशी ठेवा. बाईकच्या हँडलला लटकवून जालना रोडने जाऊ नका. विमानात केबिनमध्ये तर नेताच येत नाही.

घ्यायचीच असेल तर

ऑनलाइन लिस्टिंगमध्ये 'वजन' लिहिलेलं असतं ते बहुधा पूर्ण वस्तूचं, कधी खोक्यासकट. आपल्याला हवं पात्याचं वजन आणि एकूण लांबी. दोन्ही वेगळं लिहिलेलं नसेल तर पुढे सरका. '१५ इन १' प्रकारात दांडा पोकळ नळीचे तुकडे जोडून बनवलेला असतो आणि आत होकायंत्र, शिट्टी, काड्या. जोड जितके जास्त तितकं ढिलं होणार. होकायंत्र फोनमध्ये आहेच.

मी दुसऱ्या वेळी छावणीच्या गुरुवारच्या बाजारात गेलो. अवजारं घेऊन बसलेल्या लोहारकाकांना माझं हॅचेट दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट फिरवलं आणि विचारलं, "काय फोडायचं याच्यानं? सुपारी?" मग त्यांनी कुऱ्हाड कशी बघायची ते शिकवलं. पातं गाडीच्या कमानपाट्याचं आहे का ते विचारायचं, ते पोलाद धार धरतं. धारेला पाणी नीट दिलंय का हे कानशीने कळतं. कानस नुसती घसरली तर धार फार कडक, गाठीवर तुटेल. लोण्यासारखी उतरली तर मऊ, दोन घावांत बोथट. थोडी चावत, थोडी अडत चालली तर घ्या.

दांड्याच्या रेषा बघायच्या. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावायला हव्यात. आडव्या सुटल्या असतील तर दांडा तिथेच मोडणार. आणि नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, पाचर पक्की ठोकलेली हवी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी पार करतो, दांडा वाळून आकसतो आणि पातं हलायला लागतं. घरचे म्हणतील, रात्रभर पाण्यात बुडवून ठेव. त्याने पातं घट्ट होतं खरं, पण तेवढ्यापुरतंच. लाकूड फुगताना लोखंडात चेपलं जातं आणि परत वाळलं की आधीपेक्षा ढिलं होतं. त्यापेक्षा नवी पाचर ठोकायची आणि दांड्याला अधूनमधून जवसाचं तेल चोळायचं. दर वेळी वापरण्याआधी पातं हलवून बघायचं. हलत असेल तर त्या दिवशी कुऱ्हाड बंद.

मी घेतली ती तीन फोन लांबीची, बाभळीच्या दांड्याची. पात्याला बाईकच्या जुन्या ट्यूबचं आवरण कापून घातलंय. कॅम्पवर एक माणूस लाकडं फोडतो, बाकीचे हात आणि कुऱ्हाड मिळून होईल त्याच्या दुप्पट अंतरावर थांबतात, आणि अंधार पडल्यावर कुणी हात लावत नाही. हॅचेट आईने मागून घेतलं. गुळाची ढेप फोडायला बरं पडतं म्हणाली, ओट्यावर, बसून.