सावलीचा कोन, वाऱ्याचा जोर

मे महिन्यातल्या दुपारी आंब्याच्या झाडाखाली उभे राहा आणि मग चार पावले पुढे उन्हात या. फरक इतका जाणवतो की सावलीतली हवा दहा अंशांनी तरी थंड असावी असे वाटते. थेट ऊन लागू न देता दोन्ही जागी तापमापक धरला, तर मात्र आकडे जवळजवळ सारखेच येतात. फार तर अंश-दोन अंश इकडेतिकडे. सावलीने हवा फारशी थंड होत नाही, सूर्याकडून थेट अंगावर येणारी उष्णता तेवढी थांबते.

ती उष्णता किती असते? निरभ्र आकाशात, सूर्य माथ्याजवळ असताना जमिनीच्या दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. खुर्चीत बसलेल्या माणसाचा पाव ते एक तृतीयांश चौरस मीटर भाग सूर्यासमोर येतो. त्यावर पडलेल्या उन्हापैकी बरेचसे त्वचा आणि कपडे शोषून घेतात, म्हणजे दीडशे-दोनशे वॅट. शांत बसलेल्या माणसाचे शरीर स्वतःच सुमारे १०० वॅट उष्णता तयार करत असते आणि ती त्याला सतत बाहेर टाकावी लागते. उन्हात बसल्याबरोबर हे ओझे अडीच-तीन पट होते. घाम त्यामुळे फुटतो, आणि पंखा लावूनही जीव थाऱ्यावर येत नाही.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठात आरियान मिडेल आणि त्यांचे सहकारी ‘मार्टी’ नावाचा एक हातगाडा घेऊन टेम्पी शहराच्या रस्त्यांवर हिंडतात. त्यावरची उपकरणे वरून, खालून आणि चारही बाजूंनी, अशा सहा दिशांनी अंगावर येणारी उष्णता मोजतात. गच्ची किंवा गॅलरी सावलीत आणू पाहणाऱ्या प्रत्येकाने या सहा दिशा ध्यानात ठेवाव्यात. डोक्यावरचे ऊन अडवले तरी पायाखालच्या फरशा आणि पाठीमागची भिंत दिवसभर तापून संध्याकाळी उष्णता परत देत असतात. सहा वाजता चहाचा कप घेऊन बाहेर बसलात आणि तेव्हा डोक्यावरचे कापडी छत उघडलेत, तर उशीर झालेला असतो. फरशी सकाळी दहापासूनच झाकलेली हवी. सकाळी दहाला घरात असते कोण?

मोटरवर चालणाऱ्या कापडी छतांकडे, म्हणजे बाजारात ज्यांना ऑनिंग म्हणतात त्यांच्याकडे, मी याच प्रश्नातून पाहतो. पुण्या-मुंबईत ती आता रो हाउसच्या अंगणात, टेरेस फ्लॅटवर, बंगल्यांच्या मागच्या बाजूला दिसू लागली आहेत. विकणारा रिमोट दाखवतो, कापडाचे रंग दाखवतो. पण हात हलवायचे कष्ट वाचावेत म्हणून मोटर घेण्यात फारसा अर्थ नाही; दांडा फिरवून तेच छत दोन मिनिटांत उघडता येते. आपण घरी नसताना छत वेळेवर उघडणे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वेळेवर मिटणे, यासाठी मोटर हवी.

त्याआधी कोनाचा हिशेब. पुणे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला सूर्य तिथे भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. वरच्या मजल्याचा छोटा सज्जासुद्धा ते अडवतो. खरा ताप पश्चिमेला. मेच्या मध्याला पुण्यात दुपारी चार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ४१ अंशांवर असतो, पाचला २७ आणि सहाला अवघ्या १३ अंशांवर. पश्चिमेच्या भिंतीवर दीड मीटर पुढे येणारे आडवे छत लावले, तर चार वाजता ते आपल्याखालची सुमारे १.३ मीटर उंची सावलीत ठेवते. पाच वाजता पाऊण मीटर. सहा वाजता छत आहे की नाही, याने काही फरक पडत नाही. ऊन सरळ डोळ्यांत येते. छत तीन मीटर लांब केले तरी पाच वाजता दीड मीटरच झाकले जाते, म्हणजे खुर्चीतला माणूस उन्हातच.

तेव्हा पश्चिमेला आडवे छत एकटे पुरत नाही, तिथे वरून खाली उतरणारा उभा पडदा लागतो. बाजारात त्याला आउटडोअर ब्लाइंड किंवा झिप स्क्रीन म्हणतात. कोकणात पडवीच्या उघड्या बाजूला झावळ्यांचे विणलेले झाप बांधत, विदर्भात उन्हाळ्यात दारा-खिडक्यांना वाळ्याचे ताटे लावून त्यांवर पाणी शिंपडत. उभी बाजू झाकायला हवी, हे त्या घरांना ठाऊक होते. वाळ्याच्या ताट्यांत तर बाष्पीभवनाचा गारवा वरचा. आजही पश्चिमेच्या गॅलरीबाहेर बांबूची साधी चिक सोडली, तर उष्णता अडवण्याचे काम ती उत्तम करते. पैसे बेताचे असतील तर मी आधी चिकच लावा म्हणेन.

चिक किंवा पडदा काचेच्या बाहेर असला पाहिजे, एवढी एक गोष्ट मात्र पाळायलाच हवी. सूर्यप्रकाशातली ऊर्जा दृश्य प्रकाश आणि त्याच्या जवळच्या अवरक्त किरणांच्या रूपात येते, आणि ती काचेतून सहज आत शिरते. आतल्या पडद्यावर पडून ती उष्णता झाली की पडदा तापतो आणि जास्त लांबीच्या लहरी सोडू लागतो. त्या लहरी काचेतून परत बाहेर जात नाहीत. उष्णता खोलीतच राहते आणि मग एसी तिच्याशी झुंजत बसतो. तोच पडदा काचेबाहेर असेल तर तापतो तसाच, पण ती उष्णता बाहेरचा वारा घेऊन जातो. खिडकीवरच्या बाहेरच्या छतामुळे उन्हाळ्यात आत येणारी सौर उष्णता दक्षिणेच्या खिडकीत ६५ टक्क्यांपर्यंत आणि पश्चिमेच्या खिडकीत ७७ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे सांगतात. अक्षांश वेगळा असल्याने ते आपल्याकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे. छत आणि भिंत यांच्यात वरच्या बाजूला थोडी फट ठेवावी, हेही इथेच सांगून टाकतो. नाहीतर गरम हवा कापडाखाली कोंडते.

आता यंत्र. घडीच्या बाह्यांचे छत उघडताना जवळून पाहावे. भिंतीलगतच्या नळीवर कापड गुंडाळलेले असते आणि पुढच्या पट्टीला दोन अ‍ॅल्युमिनियमच्या बाह्या जोडलेल्या असतात. बाहीच्या पोकळीत ताणलेली स्प्रिंग असते, कोपराच्या सांध्यावरून साखळी किंवा पोलादी दोरी गेलेली असते. ही स्प्रिंग पट्टीला सतत बाहेर ढकलत राहते. त्यामुळे उघडताना मोटर छताला पुढे ढकलतच नाही, ती फक्त कापड सैल सोडते. मिटताना तिला स्प्रिंगच्या विरोधात कापड ओढावे लागते. छत कुठेही थांबवले तरी कापड ताठ राहते ते या ओढाताणीमुळे.

मोटर दिसत नाही, कारण ती त्या नळीच्या आतच असते. साधारण ५० मिलिमीटर जाडीच्या दंडगोलात मोटर, वेग कमी करून जोर वाढवणारी ग्रहमालेसारखी दंतचक्रे, ब्रेक आणि दोन्ही टोकांना थांबवणारी कळ, असे सगळे एका ओळीत बसवलेले असते. आतली मोटर मिनिटाला हजारावर फेरे घेते, नळी मात्र पंधरा-सतराच. या धंद्यातली नावाजलेली फ्रेंच कंपनी सोमफी १९६९ साली आल्प्सच्या पायथ्याच्या क्लूझ गावात सुरू झाली. ते खोरे घड्याळे आणि त्यांचे बारीक सुटे भाग बनवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध होते. इतकी दंतचक्रे इतक्या अरुंद नळीत बसवणारे कारागीर तिथेच तयार मिळाले, तर त्यात नवल नाही. अशी मोटर सतत चार-पाच मिनिटे चालवली की तापून आपोआप थांबते. मुले रिमोटशी खेळली आणि छत अर्ध्यावर अडले, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी तिला थोडा वेळ निवू द्यावे.

खरा शत्रू वारा. रोमच्या कलोसियमवर प्रेक्षकांसाठी कापडी छत ताणत असत. भिंतीच्या माथ्यावर त्यासाठी २४० खांबांची सोय होती आणि ते हाताळायला मिसेनमच्या आरमारातले खलाशी नेमलेले होते. पाँपेईच्या भिंतींवर रंगवलेल्या खेळांच्या जाहिरातींत सावलीची सोय असल्याचे आवर्जून लिहिलेले आढळते. कापड ताणायला कोणीही चालला असता. पण वारा सुटताच ते आवरायचे कसे, हे शिडांशी झगडलेल्यालाच कळते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. युरोपीय मानक ईएन १३५६१ मध्ये छतांचे वर्ग त्यावरूनच ठरतात: पहिल्या वर्गाचे छत ताशी २८ किलोमीटर वाऱ्यापर्यंत, दुसऱ्याचे ३८, तिसऱ्याचे ४९. चार मीटर रुंद आणि तीन मीटर पुढे येणारे छत घ्या. ताशी ३८ किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर सुमारे ८५ किलो वजनाइतका जोर येतो. हा जोर भिंतीपासून सरासरी दीड मीटरवर आहे आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या बोल्टमध्ये अंतर आहे जेमतेम १५ सेंटिमीटर. तरफेच्या नियमाने तो दहापट होतो, म्हणजे भिंतीतले फास्टनर सगळे मिळून साडेआठशे किलोच्या ओढीला तोंड देत असतात. आजच्या नव्या इमारतींच्या भिंती हलक्या, सच्छिद्र सिपोरेक्स ब्लॉकच्या असतात. साधा अँकर फास्टनर त्यात हा भार पेलत नाही. ब्रॅकेट आरसीसीच्या बीममध्येच जायला हवे. तशी जागा नसेल तर छत आखूड घ्यावे किंवा पुढे खांब द्यावेत. छताच्या चौकशीत मी पहिला प्रश्न भिंतीबद्दल विचारेन, कापडाबद्दल नंतर.

आणि आपल्याकडे वळीव आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग जमतात, त्यातून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकू लागतो, आणि सुकताना हवा झपाट्याने थंड होते. थंड हवा जड. ती धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. धुळीचा लोट उठवणारा, पत्रे वाजवणारा तो गार वारा पावसाच्या काही मिनिटे आधी येतो, तो असा. हवामान खात्याच्या या दिवसांतल्या इशाऱ्यांत ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा उल्लेख नेहमी असतो. म्हणजे तिसऱ्या वर्गाचे छतही मर्यादेला टेकलेले. इथे पावसाचा सेन्सर उपयोगाचा नाही, थेंब पडेपर्यंत बाही वाकलेली असेल. वाऱ्याचाच सेन्सर हवा. फिरत्या वाट्यांचा घेतला तर तो भिंतीच्या आडोशाला बसवू नये. पुढच्या पट्टीत बसणारा, कापडाची थरथर ओळखणारा सेन्सर अनेकदा जास्त भरवशाचा ठरतो, कारण तो छतालाच विचारतो. चांगल्या यंत्रणेत वारा वाढताच काही सेकंदांत छत मिटते, पण ऊन आले म्हणून ते लगेच उघडत नाही, थोडे थांबते. हा भेदभाव मुद्दाम ठेवलेला असतो आणि तो बदलू नये.

वळवाबरोबर वीजही जाते. ज्या क्षणी छत मिटायला हवे, नेमक्या त्याच क्षणी मोटर निर्जीव होते. विकत घेताना याचा विचार कोणी करत नाही, याचे मला वाईट वाटते, कारण उपाय सोपे आहेत: मोटर आणि सेन्सरची लाइन इन्व्हर्टरवर घ्यावी, आणि दांडा लावून हाताने फिरवता येईल अशीच मोटर मागावी. दांडा माळ्यावर न टाकता छताजवळ अडकवून ठेवावा.

कापडाच्या रंगावरून घराघरांत वाद होतात. फिकट कापड जास्त ऊन परतवते, पण त्यातून उजेड झिरपतो आणि डोळ्यांवर येतो. गडद कापड ऊन शोषते, तापते आणि मग स्वतःच खाली उष्णता सोडते. छत डोक्याच्या जवळ असेल तर हे कपाळाला कळते. उभ्या जाळीच्या पडद्यात उलट गडद रंग बरा, कारण फिकट धागे उजेड विखुरतात आणि पलीकडचे दिसेनासे होते. दोन रंगांचे नमुने आणून दुपारी तीन वाजता उन्हात ताणावेत आणि खाली तळहात धरावा. निवड तिथेच होईल. दाट जाळीच्या, कडा खोबणीत अडकवलेल्या झिप स्क्रीनने डासही अडतात, आणि डेंगीचा डास दिवसा चावतो हे पाहता ते थोडेथोडके नाही. पण वारासुद्धा अडतो, तेव्हा आत पंख्याची सोय ठेवावी.

पावसाळ्यासाठी मात्र हे छत नव्हे. उतार किमान १४ अंशांचा नसेल तर कापडावर पाणी साचते, साचलेल्या पाण्याने कापड आणखी झोळते, झोळीत आणखी पाणी येते. दोन चौरस मीटरच्या झोळीत सरासरी पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो. ओले छत गुंडाळावे लागलेच, तर एक-दोन दिवसांत उघडून वाळवावे. अ‍ॅक्रिलिकला बुरशी खात नाही, पण त्यावर बसलेली धूळ खाते, आणि डाग कायमचे राहतात. मुंबई, कोकण, गोवा इथल्या खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू पहिल्याच वर्षी गंज धरतात, तेव्हा ते स्टेनलेस स्टीलचेच असावेत. मेअखेर एखाद्या कोरड्या दुपारी कापड मऊ ब्रशने झाडावे, साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे, बाह्यांचे सांधे तपासावेत, आणि छत ऑक्टोबरपर्यंत मिटवून ठेवावे.