फुल आवाज आणि पावसाळी सोमवार

सकाळी ९
आषाढातला सोमवार. शनिवार-रविवारी भुशी डॅमवर उतरलेली गर्दी परत गेली. मागे राहिलेले कणीसवाले, टॅक्सीवाले, हॉटेलांतली पोरं आज सवड काढून माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात येतात. पहिला कणीसवाला. “दादा, रिंगर गेला वाटतं. दिवसभर फुल आवाजात गाणी लावतो, झिजला असंल.” मल्टिमीटर लावला, ७ ओहम. म्हणजे रिंगरची, फोनच्या मोठ्या आवाजाच्या स्पीकरची, कॉइल शाबूत. भिंगाखाली पाहिलं तर जाळीवर मीठ-तिखट, लिंबाचा रस आणि काजळीचा घट्ट थर. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) साफ केली, वाळवली, आवाज खणखणीत आला. नवा रिंगर टाकून पैसे घेता आले असते, पण जाळी न बघता स्पीकर बदलणं ही माझ्या मते गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

११
थोडी उसंत. मोठ्या आवाजाने स्पीकर झिजतो का, हे रोज कुणीतरी विचारतं, म्हणून नीट सांगतो. कॉइलमधून गाण्याचा प्रवाह गेला की ती चुंबकापाशी मागेपुढे होते आणि तिला चिकटलेला पातळ पडदा हवा हलवतो. जोरात वाजवलं की कॉइल तापते आणि पडदा जास्त हलतो. सूर एक सप्तक खाली उतरला तर तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट हलावं लागतं. एवढ्याशा पडद्याला ते झेपत नाही, म्हणूनच ढोल-ताशा फोनवर पोकळ वाटतो. बऱ्याच नव्या फोनमधला अॅम्प्लिफायर तर कॉइलवर सतत लक्ष ठेवतो. तांबं तापलं की त्याचा रोध अंशामागे सुमारे ०.३९ टक्के वाढतो. ७ ओहमची कॉइल ६० अंशांनी तापली तर साडेआठाच्या पुढे जाते. हा फरक ओळखून तो ताकद उतरवतो. फोनच्या आवाजाची शेवटची रेघ साधारण या हिशेबानेच आखलेली असते. वर्षानुवर्षं जोरात वाजवून पडद्याची कड सैल होते, डिंक सुटतो, हे खरं. पण माझ्याकडे येणारे बहुतेक फोन त्याच्या कितीतरी आधी वेगळ्याच कारणाने बिघडलेले असतात.

दुपारी १
तळेगावच्या कारखान्यात ग्राइंडिंग करणारा मुलगा. आवाज खरखरतोय. रिंगरच्या चुंबकाने लोखंडाचा कीस जाळीपर्यंत ओढून घेतलाय. ब्रशने तो निघत नाही, चिकटपट्टीने उचलावा लागतो. कामावर फोन बंद पिशवीत ठेव म्हटलं.

३
मळवलीकडच्या मावशी. भातलावणीला बांधावर फोन ठेवून गाणी चालू होती, तो खाचरात पडला. मुलगा म्हणाला, तू मोठ्यानं लावतेस म्हणून गेला. मावशींनी तो रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवला, तोही घरच्या इंद्रायणीच्या. हे वाण १९८७ साली आपल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आलं. भातासाठी त्याला तोड नाही, पण फोन सुकवायला कुठलाच तांदूळ कामाचा नाही. जाळीच्या बारीक भोकांत पाण्याचा पापुद्रा पृष्ठताणामुळे अडकून राहतो, तांदूळ तो ओढून घेत नाही, उलट त्याची भुकटी आत जाते. मावशींच्या फोनमध्ये चिखल आणि ही भुकटी मिळून लेप बसला होता. फोन उघडून साफ करण्यात तास गेला. मोठ्या आवाजाचा दोष त्यांच्या माथी नाही, हे मुलाला फोन करून सांगितलं. “दादा, बरं केलंत,” मावशी म्हणाल्या.

संध्याकाळी ६
दिवसभरात खरा जळालेला रिंगर हा एकच. मल्टिमीटर काहीच दाखवत नाही, कॉइलची तार तुटलेली. कार्ल्याचा पोरगा, साखरपुड्याला नाचायला आवाज कमी पडला म्हणून आवाज वाढवणारं अॅप टाकलेलं. असं अॅप गाण्याची लाट मर्यादेपलीकडे फुगवतं, तिचे माथे छाटले जातात, आवाज फाटतो आणि कॉइलला मधे थंड व्हायला फुरसत मिळत नाही. त्याच्या जुन्या फोनमध्ये लक्ष ठेवणारा अॅम्प्लिफायरही नव्हता. रिंगर बदलला. अॅप त्याच्यासमोरच काढून टाकलं आणि सांगितलं, आवाज फाटायला लागला की दोन रेघा खाली ये, आणि अंगणभर आवाज हवा असेल तर ब्लूटूथ स्पीकर घे.